चार बोटं

यामिनी, तुझा फोटो मिळाला.
कौनसच्या बाहेर, गुडघाभर बर्फात तू,
आणि मागे एकाच खडीवर दोन रुंद्यांचे रूळ,
एक रशियाच्या मापाचे, एक पोलंडकडून आलेले.
फरक पंच्याऐंशी मिलीमीटर, तू लिहितेस.
मी बोटं लावून पाहिली. चार.
आपल्याकडे माणसाला स्वर्ग दोन बोटं उरतो,
तुमच्याकडे युरोप चार बोटं उरलाय म्हणायचा.

तू विचारतेस, काका, ग्वाल्हेरला
दोन फुटी गाडी मोठ्या लाइनला भेटायची
तिथे काय व्यवस्था होती?
हमाल होते.
दुसरी व्यवस्था मला आठवत नाही.
सबलगढचा खवा, कैलारसची मोहरी,
श्योपूरच्या लाकडी खेळण्यांची गाठोडी,
सगळं एका फलाटावरून दुसऱ्यावर
हरविलास कुशवाहाच्या उजव्या खांद्यावरून गेलं.
छत्तीस वर्षं.
डावा खांदा शेवटपर्यंत वर राहिला त्याचा,
रिकाम्या पारड्यासारखा.
आराखड्यात तो खांदा कुठेच नव्हता.

विलीनीकरण हा शब्द माझ्या वडिलांनी
पहिल्यांदा पगाराच्या कागदावर वाचला.
काल संस्थानची रेल्वे, आज देशाची.
टोपीवरचा बिल्ला जमा केला, पावती घेतली.
पावती अजून ट्रंकेत आहे.
आई म्हणाली, राज्य गेलं तरी
दळण आपल्यालाच आणायचंय.
मग राजधानी भोपाळला गेली,
तिच्यामागे कचेऱ्या, कचेऱ्यांमागे कारकून,
आणि जिन्सीतला आमचा शिंपी
नुसता मशीनला तेल घालत बसायचा.
फायदाही झाला, खोटं कशाला बोलू.
पेन्शन देशानंच दिली,
म्हणून तुझा बाप इंजिनिअर झाला.

आता इकडे मोठी लाइन आली.
चांगली आहे. खिडकीतला माणूस ओळखू येत नाही
इतकी चांगली.
पिपरौलीला थांबत नाही.
रामश्री केवट दोन बरण्या घेऊन
आता सात किलोमीटर चालते, मग जीप,
आणि जीपवाला बरणीचं वेगळं भाडं घेतो.
मी गार्ड होतो. बरणीचं तिकीट
मी कधी मागितलं नाही.
नकाशात पिपरौली जोडली गेली आहे :
दिल्लीला, मुंबईला, बंदराला.
फक्त ग्वाल्हेरला नाही.

तुमच्या आराखड्यात अशा पिपरौली किती, ते मोज.
पैसा सत्तावीस झेंड्यांचा असेल,
थांबा मागायला येते ती बाई एकटीच येते,
आणि साहेब जेवायला गेलेला असतो.

युद्धामुळे घाई आहे, तू लिहितेस.
पूर्वेकडचं काही सांगता येत नाही,
म्हणून पश्चिमेला लवकर बांधून घ्यायचं.
कळतं मला.
घाबरलेली माणसं सरकून जागा देतात,
हे मी डब्यात पाहिलंय.
दार आतून लावून घेतात, हेही.

गँगमन रसूलनं निवृत्तीला मला
दोन फुटांचं लोखंडी माप दिलं होतं.
लू सुटली की तुझी काकू
त्याने खिडकी अडवते.
बरोबर बसतं.

आणखी एक. सीमेवर म्हणे रात्री
डबे उचलून खालची चाकं बदलतात,
प्रवाशांना झोपेत कळतसुद्धा नाही.
हे वाचून मी अंथरुणात उठून बसलो.
प्रवाशांचं सोड.
डब्याखाली कोणीतरी जागं असतं,
कानटोपीतलं, ग्रीसनं माखलेलं.
त्याला विचार, कुठला,
घरी कोण कोण,
त्याच्या गावाला गाडी थांबते का.

मुरैन्याची गजक पाठवतोय, दोन डबे.
एक त्याचा.